कन्व्हर्टिबलचा टप कापडी असावा की कडक?

गेल्या काही वर्षांत मोटारींच्या जगात एक गोष्ट अपेक्षेच्या उलट घडली आहे. बीएमडब्ल्यूच्या झेड4 या छप्पर म्हणजे टप उघडता येणाऱ्या दोन आसनी गाडीला 2009 पासून घडी होणारा धातूचा टप होता. 2018 मध्ये तिची पुढची पिढी आली ती कापडी टप घेऊन. त्याच कंपनीच्या 4 सिरीज कन्व्हर्टिबलने 2020 मध्ये हीच वाट धरली. मर्सिडीज-बेंझची एसएल 2001 पासून सलग दोन पिढ्या धातूच्या टपाची होती, तीही 2021 मध्ये कापडाकडे परतली, आणि 2023 मध्ये फेरारीने सादर केलेल्या रोमा स्पायडरचा टपही कापडीच निघाला. धातूचा टप हा कापडावरचा अंतिम उपाय आहे असे दोन दशके खरेदीदारांना सांगितले गेले होते. मग ज्यांना खर्चाची फारशी अडचण नाही अशा कंपन्याच माघारी का वळल्या, हा प्रश्न कन्व्हर्टिबल घेऊ पाहणाऱ्या कुणालाही पडणे स्वाभाविक आहे.

या प्रश्नाचे उत्तर नीट समजले तर स्वतःसाठी कोणता टप निवडावा हेही बरेचसे उलगडते. त्यासाठी ‘मजबूत विरुद्ध नाजूक’ ही मनात बसलेली विभागणी आधी बाजूला ठेवावी लागते, कारण बहुतेक चुकीच्या निवडी तिच्यातून होतात.

टपांचे प्रकार

ज्या मोटारीचे छप्पर उघडता येते ती कन्व्हर्टिबल. सॉफ्ट टॉप म्हणजे कमानींच्या सांगाड्यावर ताणून बसवलेला कापडी टप, जो दुमडून आसनांच्या मागे जातो. तो हाताने उघडायचा असू शकतो किंवा बटणाने चालणारा असू शकतो. हार्ड टॉप या नावाखाली मात्र दोन अगदी वेगळ्या वस्तू विकल्या जातात आणि त्यांची गल्लत होते.

पहिली म्हणजे सुटा कडक टप. हे धातूचे किंवा फायबरचे एकसंध आवरण असते, ते गाडीवर बसवून कळांनी आवळायचे आणि नको तेव्हा उचलून काढून ठेवायचे. 1963 मध्ये आलेल्या मर्सिडीजच्या ज्या एसएलला ‘पॅगोडा’ हे टोपणनाव पडले, ते तिच्या अशाच सुट्या टपाच्या मधोमध किंचित खोलगट आकारामुळे. दुसरी वस्तू म्हणजे घडीचा कडक टप: दोन, तीन किंवा अधिक तुकड्यांत विभागलेले छप्पर, जे मोटर आणि हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या, दांड्यांच्या साहाय्याने एकावर एक रचले जाऊन गाडीच्या मागच्या भागात बसते. आज नव्या गाडीच्या संदर्भात हार्ड टॉप म्हटले की बहुधा हाच अभिप्रेत असतो, आणि या लेखातील तुलनाही मुख्यतः त्याच्याशीच आहे.

ही कल्पना नवी नाही. फ्रान्समध्ये जॉर्ज पोलां या दंतवैद्यकाच्या व्यवसायातील माणसाने 1930 च्या दशकात असा टप कल्पिला आणि तो ‘एक्लिप्स’ या नावाने प्यूजोच्या गाड्यांवर आला. अमेरिकेत फोर्डने 1957 ते 1959 या काळात फेअरलेन स्कायलायनर ही गाडी विकली, तिचे संपूर्ण छप्पर डिकीत शिरत असे. पाहणाऱ्याला ते विलक्षण वाटे. पण छप्पर आत गेल्यावर सामानासाठी जेमतेम एक लहानशी पेटी उरे. 1996 मध्ये मर्सिडीजने एसएलके आणली तेव्हा हा प्रकार सामान्य ग्राहकाच्या आवाक्यात आला, आणि 2000 मध्ये आलेल्या प्यूजो 206 सीसीने तो लहान गाडीपर्यंत पोहोचवला.

छप्पर काढले की गाडीचे काय होते

पुठ्ठ्याचा खोका झाकण चिकटवलेला असताना दोन्ही हातांनी पिळून पाहा; तो जवळजवळ हलत नाही. झाकण कापून टाका आणि पुन्हा पिळा. तोच खोका सहज मुरडतो. मोटारीचेही असेच असते. कायम छप्पर असलेल्या गाडीत ते छप्पर केवळ ऊन-पावसापासून आडोसा नसते, तर संपूर्ण सांगाडा पिळवटू न देणारा तो एक भाग असतो. ते काढले की उरलेल्या भागांवर ताण वाढतो, म्हणून कन्व्हर्टिबलमध्ये दारांखालचे उंबरे जाड करावे लागतात, तळाला आडव्या-तिरप्या पट्ट्या जोडाव्या लागतात आणि पुढच्या काचेची चौकट अधिक भक्कम करावी लागते. एकाच मॉडेलची कन्व्हर्टिबल तिच्या बंद छपराच्या बहिणीपेक्षा सहसा जड असते, ती याच कारणाने. खडबडीत रस्त्यावर पुढची काच आणि डॅशबोर्ड यांना जो सूक्ष्म थरकाप जाणवतो तोही याच कमी झालेल्या कडकपणाचा परिणाम असतो.

आता महत्त्वाचा मुद्दा येतो. घडीचा कडक टप बंद केला म्हणजे खोक्याला झाकण पुन्हा चिकटवले असे होत नाही. तो टप काही मोजक्या ठिकाणी कळांनी अडकलेला असतो आणि त्याच्या तुकड्यांच्या मध्ये बिजागऱ्या व रबरी पट्ट्या असतात. बंद स्थितीत तो गाडीच्या ताठपणात थोडी भर घालतो, काही गाड्यांत ही भर जाणवण्याइतकीही असते. पण वेल्डिंगने एकजीव झालेल्या छपराचे काम तो करू शकत नाही. शिवाय टप उघडल्यावर ती भरही नाहीशी होते, त्यामुळे कंपनीला सांगाडा टपाविनाच पुरेसा मजबूत करावा लागतो, मग टप कापडी असो वा धातूचा.

मग कडक टप अधिक सुरक्षित नाही का?

गाडी उलटली तर धातू वाचवील आणि कापड फाटेल, हा आक्षेप सर्वांत आधी घेतला जातो आणि तो वरवर पाहता बिनतोड वाटतो. परंतु कन्व्हर्टिबल उलटली तर प्रवाशांचे डोके वाचवण्याचे काम मुख्यतः दोन गोष्टी करतात: पुढच्या काचेची मजबूत चौकट आणि आसनांमागच्या पोलादी कमानी. काही गाड्यांत या कमानी कायम दिसतात, तर काहींत त्या लपलेल्या असून गाडी उलटू लागल्याचे सेन्सरने ओळखताच उसळून वर येतात. 1989 च्या मर्सिडीज एसएलमध्ये अशी कमान तीन दशांश सेकंदात उभी राहत असे, आणि त्या गाडीचा रोजचा टप कापडीच होता.

अमेरिकेत बंद गाड्यांच्या छपरांना जी चिरडण्याची कसोटी द्यावी लागते ती कन्व्हर्टिबलना सक्तीची नाही. टप उघडा ठेवून चालवायच्या गाडीचे संरक्षण त्या टपावर अवलंबून ठेवताच येत नाही, हे लक्षात घेतले तर यात आश्चर्य वाटू नये. दुसऱ्या बाजूने, कन्व्हर्टिबल म्हणजे जिवाशी खेळ असेही समजण्याचे कारण नाही. इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टी या अमेरिकी संस्थेने 2020 मध्ये अलीकडच्या कन्व्हर्टिबल आणि त्यांच्याच बंद आवृत्त्या यांची तुलना केली, तेव्हा कन्व्हर्टिबलच्या चालकांचे मृत्युप्रमाण अधिक असल्याचे आढळले नाही. मात्र मृत्यू झालेल्या चालकांपैकी गाडीबाहेर फेकले गेलेल्यांचे प्रमाण कन्व्हर्टिबलमध्ये काहीसे जास्त होते. सीट बेल्टचे महत्त्व येथे दुपटीने वाढते, आणि टपाच्या जातीपेक्षा त्याचा विचार आधी झाला पाहिजे असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते.

बाजूने होणाऱ्या धडकेतही फरक मुख्यतः दारांच्या आतील तुळ्या आणि एअरबॅग यांनी पडतो. सुरक्षिततेच्या मुद्द्यावर या दोन टपांत निवड करायचीच असेल, तर टप कशाचा आहे हे पाहण्याऐवजी त्या विशिष्ट गाडीच्या कमानी, एअरबॅग आणि धडक-चाचण्यांचे निकाल पाहावेत.

घडी झालेला धातू ठेवायचा कुठे?

कंपन्या माघारी का वळल्या याचे सर्वांत मोठे उत्तर येथे आहे. कापड हवे तसे दुमडते आणि त्याचा थर पातळ होतो. धातूचा तुकडा मात्र उघड्या गाडीतही तेवढाच लांब, तेवढाच रुंद आणि तेवढाच वक्र राहतो, म्हणून त्याला जागा द्यावीच लागते आणि ती जागा डिकीतून जाते. वर उल्लेखलेल्या झेड4 चेच आकडे पाहू. धातूच्या टपाच्या पिढीत टप बंद असताना डिकी 310 लिटरची होती आणि तो उघडल्यावर 180 लिटर उरत असे. कापडी टपाच्या पुढच्या पिढीत ती 281 लिटर आहे, टप उघडा असो वा बंद. ज्यांना दोन जणांचे सामान घेऊन, टप उघडा ठेवून लांबच्या प्रवासाला जायचे आहे त्यांच्यासाठी हा फरक निर्णायक आहे. आणखी एक अडचण खरेदीच्या वेळी सहसा ध्यानात येत नाही: घडी झालेला कडक टप डिकीच्या वरच्या भागात बसतो, त्यामुळे सामान त्याच्या खालून सरकवावे लागते. काही गाड्यांत ही रास बटणाने थोडी उचलली जाते, पण उंच बॅग तरीही आत जात नाही.

धातूची ही रास ठेवण्यासाठी गाडीचा मागचा भाग उंच आणि रुंद करावा लागतो, आणि अनेक घडीच्या टपांच्या गाड्या मागून जड दिसतात त्या यामुळेच. दिसण्याची बाब आवडीची आहे, वजनाची बाब मात्र तशी नाही. टपाचे तुकडे, ते उचलणाऱ्या दांड्या, पंप आणि दोन्ही बाजूंना उघडणारे डिकीचे झाकण या सर्वांचे वजन गाडीच्या वरच्या आणि मागच्या भागात पडते, आणि वळणावर गाडी किती चपळ वाटते हे वजन किती उंचीवर आहे यावर बरेच ठरते. 2021 च्या एसएलमध्ये धातूऐवजी कापड वापरल्याने 21 किलो वाचले असे मर्सिडीजने सांगितले. आकडा लहान वाटेल, पण ते वजन गाडीच्या सर्वांत उंच भागातून कमी झाले आहे.

येथे एक अपवाद प्रामाणिकपणे नोंदवला पाहिजे, कारण त्याशिवाय चित्र एकांगी होईल. ज्या दोन आसनी गाड्यांचे इंजिन आसनांच्या मागे असते त्यांचे छप्पर इतके आखूड असते की धातूचे एक-दोन तुकडे इंजिनावरच्या जागेत सहज मावतात. 2011 च्या फेरारी 458 स्पायडरचा ॲल्युमिनियमचा टप पारंपरिक कापडी टपापेक्षा 25 किलोंनी हलका असल्याचे कंपनीने जाहीर केले होते. शेव्हरोले कॉर्व्हेटचे इंजिन 2020 च्या मॉडेलपासून पुढून मागे गेले आणि त्याच पिढीत तिला प्रथमच घडीचा कडक टप मिळाला. म्हणजे धातू जड आणि कापड हलके हा नियम सरसकट लावता येत नाही. टप किती लांब आहे आणि तो ठेवायला गाडीत नैसर्गिक जागा आहे का, यावर ते ठरते. चार आसनी गाडीचे लांब छप्पर धातूत घडी करणे सर्वांत अवघड असते. फोक्सवॅगनने 2006 मध्ये आणलेल्या ईऑसचा टप पाच भागांचा होता, त्याचे कारण तेच.

माझदा एमएक्स-5 ने मध्यम मार्ग काढला. 2006 मध्ये तिच्या तिसऱ्या पिढीला घडीचा कडक टप मिळाला तेव्हा वजन 40 किलोंपेक्षा कमी वाढले आणि डिकीची जागा तेवढीच राहिली, कारण टप डिकीत न जाता आसनांमागच्या पोकळीतच बसत असे. असा टप करता येतो, पण तो गाडी फार लहान असल्यामुळे शक्य होतो.

कापडी टपात गोंगाट होतो आणि थंडी लागते, ते?

हा आक्षेप तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या गाड्यांना पूर्णपणे लागू होता. तेव्हाचे अनेक टप एकाच पातळ थराचे असत, मागची खिडकी लवचीक प्लास्टिकची असे आणि ती उन्हाने पिवळी पडून थंडीत तडकत असे. वेगात टपावरची हवा वेगाने सरकते, तिचा दाब कमी होतो आणि त्यामुळे सैल कापड फुग्यासारखे वर उचलले जाऊन फडफडते. गोंगाटाचे मोठे कारण हे असायचे.

आजच्या चांगल्या कापडी टपाची रचना वेगळी आहे. बाहेर न विटणाऱ्या कृत्रिम धाग्याचे कापड, मध्ये पाणी अडवणारा रबराचा थर, आत दुसरे कापड, त्याखाली आवाज शोषणारी गादी आणि शेवटी अस्तर, असे थर असतात. मागची खिडकी काचेची असून तिला तापणाऱ्या तारा असतात. पोर्शने 911 कॅब्रिओलेच्या टपात 2012 पासून मॅग्नेशियमचे रुंद पत्रे कापडाखाली बसवले, त्यामुळे बंद टपाचा आकार वेगातही बदलत नाही. बाहेरून कापड आणि आतून जवळजवळ कडक, अशा या टपाला दोन्हींपैकी कोणत्या खान्यात घालावे हाच प्रश्न पडतो.

तरीही फरक संपलेला नाही. शेजारून मोठा ट्रक गेला तर त्याचा आवाज कापडातून अधिक आत येतो, मुसळधार पावसात थेंबांचा आवाज येतो आणि ज्यांच्या प्रवासाचा बहुतांश वेळ महामार्गावर टप बंद ठेवून जातो त्यांना हे दिवसेंदिवस जाणवते. अशा चालकाला कडक टपाची शांतता खरोखर उपयोगी आहे. लहान आणि स्वस्त गाड्यांत कापडाचे थर कमी असतात, म्हणून तेथे हा फरक आणखी वाढतो. खात्री करायची तर दोन्ही गाड्या शहरात नव्हे, मोठ्या वेगाच्या रस्त्यावर चालवून पाहाव्यात.

चोराने कापड फाडले तर?

फाडू शकतो, हे मान्य केले पाहिजे. सुरीने कापडी टप कापणे काचा फोडण्यापेक्षा शांतपणे होते आणि नुकसान काचेपेक्षा महाग पडते. परंतु कडक टपाच्या गाडीलाही काचा आहेतच, त्यामुळे धातूचा टप चोराला अडवतो असे म्हणण्यापेक्षा तो नुकसानीचे स्वरूप बदलतो असे म्हणणे योग्य ठरेल. कापडी टपाच्या गाडीत दिसेल अशी कोणतीही वस्तू ठेवू नये आणि डिकी आतून उघडता येत असेल तर तो मार्ग कुलूपबंद ठेवावा. गाडी रोज रात्री उघड्या रस्त्यावर, निर्जन ठिकाणी उभी राहणार असेल, तर हा मुद्दा कडक टपाच्या बाजूने वजनदार आहे आणि मी तो हलका करणार नाही.

देखभाल: दिसणारे वय आणि लपलेले वय

माझ्या मते निवडीचा कणा येथे आहे, म्हणून येथे थोडे थांबतो.

कापडी टप झिजतो. उन्हाने त्याचा रंग उतरतो, घडीच्या रेषांवर धागे विरळ होतात, शिवणी उसवतात, पक्ष्यांची विष्ठा आणि झाडांचा चीक वेळीच न काढल्यास डाग कायमचे बसतात. तो स्वच्छ पाण्याने आणि मऊ ब्रशने, विणीच्या दिशेने धुवावा लागतो. उच्च दाबाचा फवारा शिवणींजवळ नेऊ नये, फिरत्या ब्रशांच्या धुलाई यंत्रात गाडी घालण्याआधी कंपनीची पुस्तिका पाहावी, आणि पाणी कापडावर थेंबांच्या रूपात टिकेनासे झाले की जलरोधक द्रावाचा हात पुन्हा द्यावा. ओला टप घडी करून दिवसेंदिवस ठेवला तर बुरशी धरते. हे सर्व कष्टाचे आहे. पण यातील प्रत्येक दोष डोळ्यांना दिसतो, हळूहळू वाढतो आणि शेवटी कापड बदलले की जुन्याच सांगाड्यावर टप नवा होतो. बदलायचे काय आणि कधी, हे मालकाला आधी कळते.

घडीच्या कडक टपाचा पत्रा गाडीच्या इतर पत्र्याइतकाच टिकतो, धुलाईची चिंता नसते आणि वर्षानुवर्षे तो नव्यासारखा दिसतो. त्याचे वय आत साठते. प्रत्येक उघड-झापीत अनेक सांधे, दांड्या, कळा आणि स्थिती सांगणारे सेन्सर ठरलेल्या क्रमाने आपापले काम करतात. एका सेन्सरने ‘डिकीचे झाकण अजून उघडलेले नाही’ असे कळवले की पुढचे सगळे थांबते. हायड्रॉलिक दांड्यांच्या आतील सील म्हातारे होऊन तेल झिरपते, डिकीच्या बिजागरीपाशी सतत वाकणाऱ्या तारा आतल्या आत तुटतात, रबरी पट्ट्या कोरड्या पडून कुरकुरतात. बटणाने चालणाऱ्या कापडी टपातही पंप आणि सेन्सर असतात, हे विसरू नये. पण त्याचे भाग कमी आणि हलके असतात, आणि कापड थोडे सैल-ताण सहन करते. धातूच्या तुकड्यांना मात्र मिलिमीटरच्या हिशेबात एकमेकांवर बसावे लागते. मागून झालेल्या किरकोळ धडकेनेही डिकीचा भाग किंचित सरकला, तर टप अडू शकतो किंवा नेमका एका कोपऱ्यातून पाणी घेऊ शकतो.

टप अर्ध्यावर अडकला की दोन्ही गाड्या सारख्याच असहाय होतात, परंतु कापडी टप हाताने ओढून बंद करणे तुलनेने सोपे असते. धातूची रास उचलायला बहुधा दोन माणसे, काही हत्यारे आणि पुस्तिकेतील क्रम लागतो. हाताने उघडायच्या साध्या कापडी टपाला यातील काहीच लागू होत नाही. एमएक्स-5 सारख्या गाडीत आसनावर बसूनच कळ सोडायची आणि टप मागे सारायचा. बिघडण्यासारखे त्यात फारसे नसते, आणि गाडी अनेक वर्षे सांभाळायची असेल तर या साधेपणाइतका भरवशाचा गुण दुसरा नाही असे मला वाटते.

गळती कापडातूनच होते का?

कन्व्हर्टिबलच्या आत पाणी शिरते ते सहसा कापडातून नव्हे, तर कडांवरच्या रबरी पट्ट्यांतून आणि तुंबलेल्या नळ्यांतून. दोन्ही प्रकारच्या टपांत पावसाचे काही पाणी ठरवूनच आतल्या पन्हळीत घेतले जाते आणि लहान नळ्यांनी गाडीच्या खाली सोडले जाते. पाने व माती यांनी या नळ्या बंद झाल्या की पाणी परत फिरून आसनांखाली किंवा डिकीत जमते, आणि काही गाड्यांत टपाचा पंप किंवा इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाची पेटी नेमकी तेथेच बसवलेली असते. कडक टपात तुकड्यांमधले जोड अधिक असल्याने पट्ट्यांची लांबीही अधिक असते. झाडाखाली गाडी उभी करणाऱ्याने या नळ्या वरचेवर साफ कराव्यात आणि रबरी पट्ट्यांना त्यांच्यासाठी असलेला मऊपणा राखणारा लेप द्यावा. टप कोणताही असला तरी हे काम चुकत नाही.

रोज किती वेळा उघडणार?

जाहिरातीत टप किती सेकंदांत उघडतो याचा आकडा मोठ्या अक्षरांत असतो, पण चालत्या गाडीत तो उघडतो का आणि कोणत्या वेगापर्यंत, हे अधिक उपयोगाचे आहे. झेड4 च्या 2018 मध्ये आलेल्या पिढीचा कापडी टप सुमारे 10 सेकंदांत आणि ताशी 50 किलोमीटर वेगापर्यंत चालतो. आधीच्या धातूच्या टपाला सुमारे 20 सेकंद लागत. अनेक घडीच्या कडक टपांसाठी गाडी थांबवावी किंवा अगदी हळू चालवावी लागते, कारण मोठे पत्रे हवेत उभे राहिले की वाऱ्याचा जोर यंत्रणेवर येतो. शिवाय डिकीचे झाकण मागे झुकते आणि तुकडे बरेच उंच उठतात, त्यामुळे कमी उंचीच्या वाहनतळात किंवा भिंतीला टेकून उभ्या गाडीत टप उघडता येत नाही.

हे तपशील क्षुल्लक वाटतात, पण गाडीचा वापर त्यांच्यावर ठरतो. उघडायला सोपा असलेला टप दहा मिनिटांच्या फेरीसाठीही उघडला जातो. डिकी रिकामी करून, गाडी थांबवून, मागे जागा आहे का पाहून उघडावा लागणारा टप हळूहळू बंदच राहू लागतो. टप बहुतेक वेळ बंदच राहणार असेल, तर घडीचा कडक टप घेणे तर्कशुद्ध आहे, कारण बंद स्थितीत तोच सरस आहे: शांत, उबदार, मागच्या बाजूंना मोठ्या काचा असल्याने चालकाला मागचे अधिक चांगले दाखवणारा. उलट संधी मिळेल तेव्हा टप उघडायचा, गाडी रात्री आडोशाला उभी करायची आणि ती बराच काळ जवळ ठेवायची, असा विचार असलेल्याने कापडाकडे वळावे. कंपन्यांनीही शेवटी हेच ओळखले असावे. कापड पुरेसे शांत झाल्यावर धातूच्या टपाचा मुख्य फायदा कमी झाला आणि त्याची किंमत, म्हणजे वजन, डिकी आणि गुंतागुंत, मात्र तेवढीच राहिली.

सुट्या कडक टपाचा पर्याय ज्या गाड्यांना मिळतो, त्यांच्या मालकांना दोन ऋतूंसाठी दोन टप ठेवता येतात: थंडीत कडक आणि इतर वेळी कापडी. त्यासाठी टप उचलायला दोन माणसे आणि तो ठेवायला कोरडी जागा लागते, आणि एकदा काढून घरी ठेवलेला टप वाटेत पाऊस आला म्हणून बसवता येत नाही, म्हणून खालचा कापडी टप सुस्थितीत असणे आवश्यक राहते. जीप रँग्लरसारख्या गाडीत कडक टपाचे पुढचे तुकडे वेगळे निघतात आणि गाडीतच ठेवता येतात, त्यामुळे ही अडचण थोडी सैल होते.

वापरलेली गाडी घेताना

वापरलेल्या कन्व्हर्टिबलमध्ये वरचा विचार तपासणीत उतरवावा लागतो. इंजिन चालू ठेवून, म्हणजे बॅटरीवर ताण न आणता, टप पूर्ण उघडून पूर्ण बंद करावा आणि हे लगेच पुन्हा करावे. अनेक दोष यंत्रणा तापल्यावर किंवा दुसऱ्या फेरीतच दिसतात. दोन्ही बाजू सारख्याच वेगाने हलतात का, कुठे क्षणभर अडखळतात का, पंपाचा आवाज एकसारखा आहे का, हे पाहावे. विक्रेता ‘टप चालतो, पण आज थंडी आहे’ किंवा ‘फक्त एक सेन्सर बदलायचा आहे’ असे म्हणाला, तर तो सेन्सर आधी बदलून दाखवायला सांगावे, कारण त्या एका सेन्सरपर्यंत पोहोचण्यासाठी पुष्कळ भाग उघडावे लागू शकतात.

कडक टपात आतल्या अस्तरावर आणि डिकीच्या कडांवर तेलाचे डाग शोधावेत, बंद टपाच्या तुकड्यांमधील फटी दोन्ही बाजूंना सारख्या आहेत का ते पाहावे आणि मागच्या भागात पूर्वी दुरुस्ती झाली आहे का हे पत्र्याच्या रंगावरून तपासावे. कापडी टपात घडीच्या रेषा आतून प्रकाशाकडे धरून पाहाव्यात, काचेची खिडकी कापडापासून सुटू लागली आहे का हे कडेने बोट फिरवून पाहावे, आणि मागील भागाची शिवण विशेष लक्षपूर्वक पाहावी. कापड जीर्ण असेल तर ते व्यवहार मोडण्याचे कारण नाही. नव्या कापडाचा आणि बसवण्याचा खर्च विचारून तेवढी किंमत कमी करून घेता येते. जीर्ण यंत्रणेच्या बाबतीत असा हिशेब आधी मांडता येत नाही.

शेवटी दोन्ही प्रकारांत आसनांखालचे आणि डिकीतले गालिचे उचलून हाताने दाबून पाहावेत, आणि टप हाताने बंद करण्याची पद्धत पुस्तिकेत वाचून, त्यासाठी लागणारी चावी किंवा हत्यार गाडीत आहे याची खात्री करून मगच पैसे द्यावेत.